बिनखुणेची काडेपेटी

बनूबाईच्या डाव्या कानाला ऐकू येत नसे. तो कान तिच्या नवऱ्यानं, हिंदुरावनं, एका थपडेत घालवला होता. कारण काय, तर आमटी खारट झाली. आमटी ओतून देऊन दुसरी करता आली असती. कानाचं तसं नसतं. कुणी विचारलं तर ती सांगायची, "ल्हानपनी कान फुटला हुता." विचारणाराला खरं ठाऊक असायचं, त्याला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक असायचं, आणि दोघंही पुढच्या गप्पांना लागायचे.

अंबरनाथला बुवापाड्यात दहा खोल्यांची चाळ होती, तिथं ही दोघं राहत. मधल्या भिंती पत्र्याच्या. चार नंबरात कुणी खोकलं तर सात नंबरात कळायचं. पण हिंदुरावचा हात चालू झाला की नेमकी सगळी चाळ बहिरी व्हायची. बनूबाईचा एकच कान गेला होता, चाळीचे दोन्ही.

हिंदुराव सातारकडचा. उंच, रुंद, पंजा असा की त्यात पितळी तांब्या झाकून जावा. एका रसायनाच्या कारखान्यात बॉयलरवर होता. तिथं साहेब आला की हा दोन पावलं मागं सरून सलाम ठोकायचा. घरात वाघ आणि बाहेर शेळी, अशातला गडी. त्याच्या माराला पूर्वी वेळापत्रक होतं. पगाराच्या दिवशी दारू पिऊन, शनिवारी न पिता, आणि मधल्या वारी ताटात काही चुकलं तर. बनूबाईनं ते वेळापत्रक पाठ केलं होतं. हात वर गेला की तिचा उजवा कोपर आपोआप तोंडासमोर यायचा. कोपरावर झेललं की दात वाचतात, हे ती लग्नाच्या तिसऱ्या वर्षी शिकली. मूल नव्हतं. दोनदा राहिलं होतं, दोन्ही वेळा सहाव्या महिन्यात गेलं. एकदा तापानं गेलं आणि एकदा लाथेनं.

तिची स्वतःची म्हणून एकच गोष्ट होती, तिची बोटं. काडेपेट्यांच्या कारखान्यात पेट्या भरायचं काम तिनं एकोणीस वर्षं केलं. काड्यांच्या ढिगात चिमूट घातली की पन्नास यायच्या. मुकादम अधूनमधून मोजून बघायचा आणि पन्नासच निघाल्या की चिडायचा. तिला अक्षर येत नव्हतं, पण मोजदाद उभ्या जन्मात चुकली नाही.

अठ्ठ्याऐंशी साली हिंदुराव रिटायर झाला आणि दोन वर्षांत त्याचं डोकं जायला लागलं. आधी किरकोळ वाटलं. सकाळी उठून रिकामा डबा घेऊन कारखान्याच्या गेटावर जायचा, वॉचमन परत पाठवायचा. मग वारांची नावं गेली, गावाचं नाव गेलं. पेटती बिडी हातात घेऊन झोपला आणि गोधडी पेटली, तेव्हा बनूबाईनं घरातल्या काड्या काढून टाकल्या. काडेपेट्यांत आयुष्य गेलेली बाई, आणि स्टोव्ह पेटवायला शेजारच्या रखमाबाईकडून जळती चिंधी आणायची! एके दिवशी त्यानं तिला दारातच अडवून विचारलं, "ए, कोन गं तू? हिंदुरावच्या घरात काय करतीस?"

"म्या बनू हाय न्हवं," ती म्हणाली.

"चोर," असं म्हणून त्यानं तिचे केस धरले.

गडी सगळं विसरला, फक्त मारायचं विसरला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, ते हेच. आणि आता वेळापत्रकही राहिलं नाही. भाकरी वाढताना, केस विंचरताना, ती पाठमोरी असताना, केव्हाही हात पडायचा. तीस वर्षांत मिळवलेली एवढी एकच विद्या, मार कधी येणार हे ओळखायची, तीही वाया गेली. तिनं नोकरी सोडली. तसं केलं नसतं तर तो रस्त्यावर हरवला असता किंवा कुणाच्या तरी हातून मेला असता.

एक्याण्णवच्या थंडीत त्यानं तिच्या डोक्यात लाकडी पाट घातला. टाके घालायला ती उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात, डॉक्टर हेमनानींकडे गेली. डॉक्टर सिंधी, म्हातारे, तोंडानं फटकळ. सात टाके घालून होईपर्यंत त्यांनी तिच्याकडून सगळं काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याला आणायला लावलं. त्याला तपासून ते म्हणाले, "बाई, ये भूत नाही, करणी नाही. दिमाग सुकतो आहे याचा. विसरणं हा आजार, आणि मारतो तेही आजारातच."

"डागदर, मारायचं ते आजार नव्हता तवा बी," बनूबाई म्हणाली.

डॉक्टरांचं पेन थांबलं. मग ते हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगू लागले. "सवेरे पांढरी, ब्लडप्रेशरची, एक. रात को पिवळी, अर्धी. अर्धीच! पूरी नहीं. तू द्यायची, तुझ्या हातानं. गिळली का बघायचं. याच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही. खाल्ली का नाही ते याच्या ध्यानात राहणार नाही, दुबारा मागेल, दिलीस तर गेला. आणि दारू का एक बूंद नहीं. समजलं?"

तिला समजलं. पण लक्षात ठेवायचं कसं? वाचता तर येत नव्हतं. तिच्या ट्रंकेत कारखान्यातल्या रिकाम्या पेट्या होत्या, छाप वाकडा लागलेल्या, टाकून दिलेल्या. त्यातल्या चौदा तिनं काढल्या, वरचे कागद खरवडले. सात पेट्यांवर कुंकवाचं बोट लावलं, ती सकाळ. सातांवर काजळाचं, ती रात्र. शनिवारी संध्याकाळी सगळ्या भरायच्या आणि स्टोव्हच्या वरच्या फळीवर ओळीनं मांडायच्या. पेटी रिकामी झाली की उताणी करून ठेवायची, म्हणजे दिली का नाही हा घोळच नको. हिंदुराव गोळी जिभेखाली धरून मोरीत थुंकायचा, तर त्यावरही तिनं उपाय काढला. गोळी गुळात घालून द्यायची, पाणी पाजायचं, आणि लगेच म्हणायचं, "नाव सांगा." नाव सांगायला तोंड उघडलं की आत बघून घ्यायचं. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि कंपाउंडरला हाक मारून ऐकवलं.

पंधरा दिवसांत फरक पडला. हिंदुराव रात्री झोपू लागला, दिवसा जरा नरमला. बनूबाईचा चेहरा भरला. नळावर हंडा लावताना ती एकदा मोठ्यानं बोलून गेली, "आता त्यो माझ्या मुठीत हाय. वाटलं तर उठवीन, वाटलं तर निजवीन." बायका हसल्या. रखमाबाई हसली नाही. ती म्हणाली, "असं बोलू नये, बनू. भितीला कान असत्यात."

"तीस वर्सं तर नव्हते," बनूबाई म्हणाली.

आणि मग तो दिवस आला. ती स्टोव्हला पिन मारत होती. मागून येऊन त्यानं तिचा उजवा हात धरला आणि करंगळी उलटी पिरगळली. कट्‌ असा आवाज झाला. ती ओरडली नाही, त्या बोटाकडे बघत राहिली. हात धरायचा तर पाय धरावा, कान धरावा, अंगावर जागा काय थोडी होती? बोटंच मिळाली त्याला! संध्याकाळी तिनं अर्धीच्या जागी दोन पिवळ्या गोळ्या गुळात घातल्या. हिंदुराव दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओंडक्यासारखा पडून होता. तोंडातून लाळ गळत होती. बनूबाईनं गरम भात केला, त्यावर तूप घेतलं, आणि भिंतीला पाठ लावून दाराकडे न बघता जेवली. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

तिनं तसं आणखी तीनदा केलं. चौथ्या वेळी तो धुंदीतच उठून मोरीकडे गेला, पाय दुमडले आणि नळाच्या तोटीवर तोंडघशी आपटला. ओठ फाटला, दोन दात पडले. त्याला घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी आधी ओठ शिवला, मग हात पुढं करून म्हणाले, "गोळ्या दाखव." तिनं पाकीट दिलं. दहा दिवस झाले होते. पाच पिवळ्या जायला हव्या होत्या, गेल्या होत्या अकरा.

"सांडल्या," ती म्हणाली.

"कुठं, याच्या पोटात?" डॉक्टर भडकले. "बाई, ये दवा आहे, बेडी नाही! शांत करायला जास्त दिली की माणूस पडतो, हाड मोडतो, श्वास बंद होतो. तुला त्रास होतो तर मला येऊन सांग. गोळीला सांगू नको." त्या दिवसापासून ते तिला एकाच आठवड्याच्या गोळ्या देऊ लागले. पिवळ्यांचे स्वतः अर्धे तुकडे करून पुडीत बांधून द्यायचे.

बनूबाईनं मान डोलावली. डोलावली आणि येताना कॅम्पातल्याच एका दुकानात डॉक्टरांची जुनी चिठ्ठी पुढं केली. दुकानदारानं तारीख बघितली नाही. बारा पिवळ्या गोळ्या तिला मिळाल्या, अख्ख्या. घरी येऊन तिनं पंधरावी काडेपेटी काढली, त्यात त्या ठेवल्या आणि फळीच्या कोपऱ्यात, बाकीच्या पेट्यांमागं सरकवली. तिच्यावर कुंकू लावलं नाही की काजळ लावलं नाही. ती पेटी कशासाठी, हे तिला स्वच्छ ठाऊक होतं. एक दिवस असा येईल की आता सोसवत नाही, त्या दिवसासाठी. त्यानंतर वर्षभर तिनं रोज अर्धीच गोळी दिली, एकदाही चुकली नाही. मार पडला की फळीच्या कोपऱ्याकडे बघायची, आणि तेवढ्यावर दिवस काढायची.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात, एका बुधवारी दुपारी, हिंदुरावचा धाकटा भाऊ दौलतराव आला. तो वांगणीला वीटभट्टीवर मुकादम होता. वर्षातून एकदा यायचा, भावाच्या नावानं डोळे पुसायचा, जेवायचा आणि जायचा. या खेपेला हातात बिड्यांचे दोन कट्टे आणि भट्टीवरच्या दारूचा छोटा कॅन होता. भाऊ मान खाली घालून बसलेला बघून त्याचं डोकं फिरलं.

"वैनी, काय केलं वं तुमी ह्ये? वाघासारका भाऊ माजा. गोळ्या घालून घालून पार मेंढरू केलं त्याचं!"

"डागदरनं दिल्यात, भावजी," ती म्हणाली. "आन् त्यो कॅन भाईर ठेवा. दारू चालत न्हाई त्यास्नी."

"मर्दाला दारू न्हाई चालत तर काय ताक चालतं?"

तिला रेशनवर रॉकेल आणायला जायचंच होतं, त्या दिवशी चुकलं तर पंधरा दिवस मिळालं नसतं. निघताना दारात ती थबकली. फळीवरच्या पेट्यांना हात लावू नका, हे शब्द ओठांवर आले होते. पण सांगावं तर हा मुद्दाम उघडून बघणार, आणि बिनखुणेची पेटी सापडली की विचारणार. ती काहीच न बोलता गेली. तिची चूक ती हीच, आणि ती तिनं पुढं कधी नाकारली नाही.

मागं काय झालं ते दौलतरावनंच नंतर सांगितलं. त्यानं भावाला दोन पेले पाजले. मग दोघांना बिडी ओढायची हुक्की आली, आणि काडी कुठाय? फळीवर तर काडेपेट्यांची रांग! कुठल्याही माणसानं केलं असतं तेच त्यानं केलं. एक उघडली, आत गोळी. दुसरी उघडली, गोळी. तिसरीपासून तो चिडला आणि एकेक पेटी ताटलीत उपडी करत शेवटपर्यंत गेला, कोपऱ्यातल्यासकट. काडी एकीतही निघाली नाही. "काय बाईमानूस हाय," असं म्हणत ताटली भावासमोर जमिनीवर ठेवून तो बिडी पेटवायला नाक्यावरच्या पानाच्या गादीवर गेला. तिथं त्याला वांगणीचा कुणी ओळखीचा भेटला. इकडं ताटलीत पांढऱ्या आणि पिवळ्या गोळ्या. हिंदुरावला लहानपणापासून लिमलेटच्या गोळ्या आवडायच्या. त्यानं पांढऱ्या बाजूला सारल्या आणि पिवळ्या खाल्ल्या.

बनूबाई रॉकेलचा डबा घेऊन आत आली. फळी रिकामी. पेट्या जमिनीवर विस्कटलेल्या, बिनखुणेची तोंड उघडून पडलेली. ताटलीशी हिंदुराव आडवा. तिनं नवऱ्याकडे बघायच्या आधी बोटांनी मोजलं, सवयच तशी. पांढऱ्या तीन, त्या सगळ्या होत्या. पिवळ्या अख्ख्या चार, अर्धी एक. असायला हव्या होत्या अख्ख्या बारा आणि अर्ध्या चार. म्हणजे साडेनऊ गोळ्या पोटात गेल्या होत्या, वर दारूचा वास येत होता.

मग तिनं त्याच्याकडे पाहिलं. ओठ काळसर पडले होते. श्वास येत होता, थांबत होता, बऱ्याच वेळानं पुन्हा येत होता.

तिनं डबा खाली ठेवला आणि दार लोटून घेतलं. तो दिवस आला होता, आणि तिला बोटही हलवावं लागलं नव्हतं. दारू दौलतरावनं पाजली, पेट्या दौलतरावनं ओतल्या. तिनं फक्त एक रिकामी पेटी स्टोव्हवर जाळायची आणि तासभर नळावर जाऊन बसायचं. कुणी काही विचारलं नसतं. ती त्याच्या उशाशी बसली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. शांत तोंड होतं. लग्नाच्या दिवसापासून तिनं त्याला इतका सुखी कधी बघितला नव्हता.

त्या सुखानंच घात केला. हा असा जाणार? झोपेत, लिमलेटच्या गोळ्या खाऊन? कान घेतला, लेकरू घेतलं, बोट घेतलं, आणि ह्याला टाचणीसुद्धा न टोचता हा निघाला? तिचा हात वर गेला. आयुष्यात पहिल्यांदा गेला. फाडकन त्याच्या गालावर बसला.

"ऊठ!" ती ओरडली. "ऊठ, मुडद्या! असा न्हाई जायाचं!"

त्याची पापणी हलली. तिनं दुसऱ्या गालावर मारली. मग तिसरी. आवाज ऐकून रखमाबाई आली, तिच्यामागं चाळ आली. तीस वर्षांत पत्र्यापलीकडून जिला कधी काही ऐकू आलं नाही ती चाळ तीन थपडांत जागी झाली! कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला मारते बघ." कुणी म्हणालं, "नळावर बोललीच होती ही, निजवीन म्हणून." रखमाबाईनं मात्र धावत जाऊन रिक्षा आणली.

रिक्षात त्याला मधे बसवलं. एका बाजूला बनूबाई, दुसऱ्या बाजूला धापा टाकत आलेला दौलतराव. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "मावशी, सोने मत देना. सो गया तो गया." मग बनूबाईनं त्याला झोपू दिलं नाही. बुवापाड्यापासून चार नंबर कॅम्पापर्यंत ती मारत गेली. मोडून वाकड्या बसलेल्या करंगळीच्या हातानं मारलं, डाव्या हातानं मारलं. नाकातून रक्त आलं, ते पदरानं पुसलं आणि पुन्हा मारलं. पहिल्या काही थपडा त्याला जागं ठेवायला होत्या. वालधुनीच्या पुलानंतरच्या कशासाठी होत्या, हे तिला ठाऊक होतं. हिंदुराव कण्हत होता, मान चुकवत होता, आणि एकदा त्यानं लेकरासारखा रडका सूर काढला. तरी ती थांबली नाही. दौलतराव एवढा मुकादम, पण त्यानं तिचा हात धरला नाही. तिच्या तोंडाकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

डॉक्टरांनी हिंदुरावला टेबलावर घेतलं. "काय खाल्लं? किती?"

आकडा सांगितला की पेटी सांगावी लागणार होती. नाही सांगितला तर टेबलावरचा माणूस जाणार होता. दौलतराव शेजारी उभा होता. डॉक्टर ओरडले, "बाई, किती?"

"साडेनऊ," ती म्हणाली. "आठ अख्ख्या, तीन अर्ध्या. पिवळ्या. वर दारू. तासाच्या आत. पांढरी एक बी न्हाई."

"आठ अख्ख्या? मी अख्खी देतच नाही. कुठून आल्या?"

"म्या आनल्या. दुकानातनं. लपवून ठेवल्या हुत्या."

"कशाला?"

"ह्यांस्नी घालायला," बनूबाई म्हणाली. "लई झालं की घालायला."

दौलतरावनं तिच्या तोंडावर बुक्की मारली. "रांडे, माजा भाव मारतीस?" तोंडातलं वैनी गेलं, तुमी गेलं. तिचा ओठ फुटला. कोपर वर आला नाही, हात खालीच राहिले. दौलतरावनं पुन्हा मूठ उगारली तेव्हा डॉक्टर टेबल सोडून मधे आले आणि म्हणाले, "दारू किसने पिलाया?"

ती मूठ तिथंच राहिली. मग खाली आली.

हिंदुरावचं पोट धुतलं, नळी घातली, रात्रभर बाटल्या चढवल्या. पोलीस आला, त्यानं लिहून घेतलं. दौलतरावनंच सांगितलं की बिडीसाठी काडी शोधताना गोळ्या आपण ओतल्या, वैनी घरात नव्हती. लपवलेल्या पेटीचं नाव त्यानंही काढलं नाही आणि डॉक्टरांनीही. दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुरावनं डोळे उघडले. तोंड सुजून दुप्पट झालं होतं, दोन्ही गालांवर बोटं उमटली होती.

डॉक्टरांनी बनूबाईला बाहेर बोलावलं. "वाचला. तू आकडा बरोबर सांगितला म्हणून वाचला. मला कळलं काय करायचं, किती करायचं."

"म्या जागं ठेवलं त्यास्नी," ती म्हणाली. "वाटंत सारकी मारत आली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "थप्पड मारून काही होत नाही, बाई. हलवायचं, हाक मारायची, बस. त्याचा फायदा नाही झाला." मग तिच्या फुटलेल्या ओठाकडे बघून त्यांनी कंपाउंडरला कापूस आणायला सांगितलं.

घरी आल्यावर पहिलं काम तिनं ते केलं. पंधरावी पेटी स्टोव्हवर धरली, ती भुर्रकन पेटली. ताटलीत उरलेल्या चार अख्ख्या गोळ्या निघताना तिनं पदरात बांधून नेल्या होत्या, त्या डॉक्टरांनी ठेवून घेतल्याच होत्या. कुंकवाच्या आणि काजळाच्या पेट्या आता फळीवर नव्हत्या, ट्रंकेत होत्या, आणि ट्रंकेची किल्ली मंगळसूत्रात. रखमाबाईला सगळं दाखवून ठेवलं, कुठली कशी द्यायची, उद्या मी पडले तर.

हिंदुराव आणखी तीन वर्षं जगला. त्या तीन वर्षांत त्यानं तिच्यावर हात टाकला नाही. चाळ म्हणायची, डॉक्टरांच्या गोळीचा गुण. गोळी तीच होती, तीच अर्धी. गुण कशाचा, हे बनूबाईला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं.

त्या संध्याकाळी ती काजळाची पेटी उघडून, गुळात अर्धी गोळी घालून, त्याच्यासमोर उभी राहिली आणि हात त्याच्या तोंडाकडे नेला. हिंदुराव भिंतीकडे सरकला. त्याचा उजवा कोपर वर आला आणि तोंडासमोर थांबला. दात वाचवायचे असले की जिथं धरतात, बरोबर तिथं.

बनूबाईचा हात हवेत राहिला. तो कोपर तिच्या ओळखीचा होता. तीस वर्षं तो तिच्या अंगाला होता. एवढ्याचसाठी ती जन्मभर आसुसली होती, एकदा तरी ह्याला कळू दे, असा भ्यायला लागू दे. आता तो समोर बसून भीत होता, आणि कशासाठी ते त्याला ठाऊकही नव्हतं. तिला वाटलं होतं छाती गार होईल. झाली नाही.

ती जमिनीवर बसली, त्याच्यापेक्षा खाली. गोळी तळहातावर ठेवली, हात त्याच्या गुडघ्याशी उघडा धरला आणि वाट बघत राहिली. स्टोव्हवरचं आधण खळखळून निम्मं झालं. मग कोपर खाली आला. त्यानं गूळ उचलला आणि तोंडात घातला. तिनं पाणी दिलं.

"नाव सांगा," ती म्हणाली.

नाव त्यानं सांगितलं नाही. तिच्या चांगल्या कानाशी वाकून, दाराकडे बघत, तो कुजबुजला, "ती बाई लई मारती गं. तिला आत घेऊ नगं."

"न्हाई घेत," बनूबाई म्हणाली. "आ करा."

त्यानं आ केला. गोळी गेली होती.